बोरघाटाची जुनी रेल्वे सिम्युलेटरमध्ये: आधी रुळांची पातळी, मग डोंगर

प्रश्न थोडक्यात असा: कर्जत–लोणावळा घाट वाफेच्या इंजिनांच्या काळातला, रिव्हर्सिंग स्टेशनसकट (जिथे गाडी थांबून उलट दिशेने पुढे निघते), ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरमध्ये उभा करायचा आहे. तीस मीटरचा उपग्रहाचा उंची-डेटा आणून टीएसआरई या त्याच्या मार्ग-संपादकात जमीन तयार केली. पण डोंगर विरघळल्यासारखे गोल दिसतात, रूळ कुठे हवेत तर कुठे जमिनीत पुरलेले, आणि चढ सारखा वरखाली होतो. कुठे चुकतंय?

क्रम चुकतोय. तुम्ही जमीन आधी केली आणि तिच्यावर रूळ टाकले. घाटाच्या रेल्वेत हे उलट करावं लागतं. रुळांची पातळी कागदावरून पक्की करायची आणि जमिनीला तिच्याशी जुळवून घ्यायला लावायचं. सपाट मुलखात, म्हणजे दौंडच्या पुढे वगैरे, तुमची पद्धत चालून जाते. बोरघाटात चालत नाही.

कारण साधं आहे. घाटातला मार्ग डोंगराच्या कुशीला चिकटून जातो. उतार ४५ अंशांचा असेल आणि तुमचा मार्ग नकाशावर दहा मीटर बाजूला सरकला असेल, तर जमिनीची उंची थेट दहा मीटरनी चुकते. उपग्रहाच्या डेटातला एक चौकोनच तीस मीटरचा, त्यात झाडांचे शेंडे मिसळलेले. शेजारच्या दोन चौकोनांत पाच मीटरचा खोटा फरक आला तरी तीस मीटरमागे पाच, म्हणजे १:६ चा चढ झाला. खऱ्या घाटात सर्वांत कडक चढ १:३७ आहे. म्हणजे या डेटातून रुळांचा चढ काढायला जाणंच व्यर्थ. या डेटाचा उपयोग डोंगरासाठी, रुळांसाठी नाही.

रुळांसाठी जुने आकडे आहेत आणि ते चांगले आहेत. १८६३ साली खुल्या झालेल्या या घाटाची लांबी १५ मैल ६८ चेन (एक चेन म्हणजे ६६ फूट). पायथा पळसदरीला, मुंबईच्या भरतीच्या पाणरेषेपासून १९६ फुटांवर. माथा लोणावळ्याला, २,०२७ फुटांवर. चढ एकूण १,८३१ फूट. लांबीला चढाने भागलं की सरासरी १:४६ च्या आसपास येते. मधे रिव्हर्सिंग स्टेशनची सपाटी आणि काही सौम्य तुकडे आहेत, त्यामुळे उरलेल्या भागात १:४० आणि १:३७ येणं भागच आहे. हिशोबाची वही इथून सुरू करा: पळसदरी शून्य चेन, १९६ फूट, तिथून प्रत्येक चढाचा तुकडा कुठे सुरू, कुठे संपला, आणि संपताना रूळ किती उंचीवर. शेवटच्या ओळीत २,०२७ आलं नाही तर आधीच कुठेतरी घोळ आहे. एक सूचना: भरतीच्या रेषेवरून मोजलेली उंची आणि आजच्या स्टेशनांच्या पाट्यांवरची, सरासरी समुद्रसपाटीवरून मोजलेली उंची यांत काही फुटांचा फरक असतो. दोन्ही पद्धतींचे आकडे एकाच वहीत मिसळू नका.

ओपन रेल्सची जमीन आठ मीटरच्या जाळीवर असते आणि एक टाइल, म्हणजे जमिनीचा एक चौरस तुकडा, २,०४८ मीटरची. १:३७ वर एका जाळीच्या घरात रूळ साधारण २२ सेंटिमीटर चढतात, एका टाइलमध्ये ५५ मीटर. हे दोन आकडे लक्षात ठेवलेत तर नजरेनेच चूक पकडता येते.

आता मार्गाची आडवी जागा. पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल हा भाग आजच्या उपग्रह-चित्रावरून बऱ्यापैकी काढता येतो, अर्थात नंतर वाढवलेली तिसरी लाइन आणि रुंद केलेले कटिंग (रुळांसाठी डोंगर कापून केलेली वाट) वगळून. खरी गंमत मंकी हिल ते खंडाळा. १९२०च्या दशकाच्या अखेरीस घाटात विजेच्या गाड्या आल्या, त्याच सुमारास नव्या बोगद्यांतून मार्ग काढला आणि रिव्हर्सिंग स्टेशन सुटलं. जुन्या मार्गाच्या खुणा अमृतांजन पुलाच्या जागेजवळ अजून दिसतात, पण झाडी आणि हायवे यांनी बराच भाग गिळलाय. इथे सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने एक इंच–एक मैल नकाशे हवेतच.

हे नकाशे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवताना नवखे लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय नकाशांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर आधारलेले आहेत. ते आजच्या मानाने सुमारे अडीच मिनिटांनी चुकलेले असतात, म्हणजे इथल्या अक्षांशावर चार किलोमीटरांहून जास्त. त्यावर जुन्या नकाशांचा एव्हरेस्ट आणि आजचा डब्ल्यूजीएस ८४ या दोन गोलाभांमधला (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती नमुन्यांमधला) फरक वेगळाच. म्हणून कोपऱ्यांतल्या अक्षांश-रेखांशांवर नकाशा बसवू नका, जमिनीवरच्या खुणांवर बसवा. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, नागफणीचं टोक, नद्या-ओढ्यांचे संगम, जुनी देवळं. रस्त्यांच्या वळणांवर विश्वास नको, ती दर पिढीला बदलतात.

मार्ग कागदावर आला, त्याला वहीतल्या उंच्या दिल्या. आता सर्वांत उपयोगी काम, आणि नेमकं हेच बहुतेक जण गाळतात. मार्गावर दर वीस मीटरला रुळांची पातळी वजा डेटातली जमीन असा फरक काढा आणि त्याचा आलेख करा. फरक धन म्हणजे भराव किंवा पूल, ऋण म्हणजे कटिंग किंवा बोगदा. मग हा आलेख जुन्या कागदांतल्या बोगद्यांच्या आणि पुलांच्या यादीशेजारी ठेवा. या घाटात पंचवीसच्या आसपास बोगदे आणि आठ मोठे कमानी पूल होते, त्यामुळे पडताळणीला जागोजाग खुंटा मिळतो. बोगदा डोंगराच्या सोंडेत असतो, पूल दोन सोंडांमधल्या घळीत. जिथे यादीत बोगदा आहे तिथे तुमच्या आलेखात वीस मीटरचा भराव दिसत असेल, तर मार्ग दरीकडे सरकलाय. त्याला डोंगराच्या आत ढकला. जिथे पूल हवा तिथे कटिंग निघत असेल तर उलट. असं करत गेलं की आलेखातली शिखरं आणि खळगे यादीशी जुळायला लागतात, आणि मार्गाची जागा कुठल्याही उपग्रह-चित्रापेक्षा नेमकी ठरते. मार्ग ढकलताना वळणाची त्रिज्या मात्र सांभाळा. इथली कडक वळणं पंधरा चेनची, म्हणजे ३०२ मीटरची. त्याहून आवळलेलं वळण आलं तर समजा की तुम्ही बोगदा जुळवायच्या नादात इंजिनिअरला न जमलेली गोष्ट करून ठेवलीत.

डेटा कुठला घ्यावा? एसआरटीएम हा उंची-डेटा फेब्रुवारी २००० मधला, अंतराळयानातल्या रडारने घेतलेला. सरळसोट कड्यांच्या आड रडारची सावली पडते, म्हणून सह्याद्रीच्या धारेवर त्यात भोकं आणि ठिगळं असतात. मी इथे कोपर्निकसचा तीस मीटर डेटा वापरतो. कड्याची धार त्यात बरी उतरते. इस्रोचा कार्टोडेम हा उंची-डेटा त्यांच्या भुवन या संकेतस्थळावर मिळतो आणि तोही चांगला आहे, पण त्याच्या उंच्या समुद्रसपाटीवरून नसून गोलाभावरून आहेत. आपल्या भागात हा फरक साठ मीटरांहून जास्त पडतो. न तपासता घेतलात तर अख्खा घाट साठ मीटर खाली बसेल आणि तुम्ही रात्रभर ट्रॅकला दोष देत बसाल. कुठलाही डेटा घ्या, तीस मीटरवरून आठ मीटरवर आणताना क्यूबिक पद्धत वापरा. ‘सर्वांत जवळचा चौकोन’ या पद्धतीने पायऱ्या पायऱ्यांचं शेत तयार होतं.

आता तुमची मुख्य तक्रार: डोंगर विरघळल्यासारखे दिसतात. तीस मीटरच्या डेटात पन्नास-साठ मीटरचा उभा कडा दोन-तीन घरांत वाटला जातो आणि त्याचा निसरडा उतार होतो. लोक काय करतात, तर हाताला लागेल तिथे जमीन वर ओढतात. त्याने डोंगराला सुळके फुटतात, आणि सुळके हे सह्याद्रीच्या या भागाचं रूप नव्हे.

सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे आणि हे थर इथे जवळजवळ आडवे आहेत. कठीण बेसॉल्टचा थर कडा होऊन उभा राहतो, त्यावरचा मऊ, भुसभुशीत थर झिजून सपाटी होते, त्यावर पुन्हा कडा. म्हणून राजमाचीच्या डोंगरातली काळ्या कातळाची पट्टी ज्या उंचीवर आहे, साधारण त्याच उंचीवर ती पलीकडच्या सोंडेवरही दिसते. मधे दरी आली म्हणून पट्टी वर-खाली होत नाही. डोळा ही गोष्ट नकळत टिपतो. तुमचे कडे वेगवेगळ्या सोंडांवर वेगवेगळ्या उंचीला असतील, तर प्रत्येक डोंगर सुटा सुटा देखणा झाला तरी दरी खोटी वाटते.

माझी पद्धत अशी. क्यूजीआयएसमध्ये उताराचा नकाशा काढायचा आणि जिथे उतार सर्वांत तीव्र आहे ते पट्टे कुठल्या उंचीवर एकवटतात ते बघायचं. जुन्या नकाशावर कड्यांची चित्रखूण असते, ती ताडून घ्यायची. दोन-तीन ठळक पट्ट्या निश्चित झाल्या की त्या उंचीच्या समोच्चरेषा अख्ख्या दरीभर काढायच्या. मग प्रत्येक पट्टीवर तीनच हालचाली: कड्याची वरची कडा चार-पाच मीटर वर, पायथा तेवढाच खाली, आणि पायथ्याशी घसाऱ्याचा उतार थोडा पसरवायचा. एवढ्यानेच गोलवा जातो. पूर्ण उभा कडा जाळीतून करू नका. आठ मीटरच्या दोन बिंदूंमध्ये चाळीस मीटरचा फरक दिला की वरचं चित्र ताणलं जातं आणि कातळाऐवजी रंगाचे ओघळ दिसतात. खरा उभा भाग हवा असेल, नागफणीसारखा, तर जमीन साठ-पासष्ट अंशांवर थांबवा आणि समोर कातळाचं वेगळं मॉडेल लावा.

कड्यांवर इतका वेळ घालवायचा तो दरीच्या बाजूला. खंडाळ्याजवळ गाडीतून उल्हासचं खोरं आणि खाली कोकणाचा तळ दिसतो. त्या बाजूला नजर जाईल तिथपर्यंत जमीन हवी. लोणावळ्याच्या पठारावर मात्र रुळांच्या दोन्ही बाजूंना तीन-चार किलोमीटर पुरतात. सगळीकडे सारख्या रुंदीचा पट्टा घेणं म्हणजे मेहनत नको तिथे खर्च करणं.

काळाचा प्रश्न इथे येतो, आणि तो फक्त रुळांचा नाही. तुमच्या डेटात लोणावळ्याभोवती वळवण, शिरोटा ही टाटांची तळी सपाट आरशासारखी दिसतील. ही सगळी जलविद्युत योजनेतली, खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं. १९०० चा घाट करत असाल तर ती तळी काढावी लागतील. पाण्याखालच्या जमिनीची उंची डेटात नाही, म्हणून जुन्या नकाशातला ओढा तळाला धरायचा, काठाच्या समोच्चरेषा दोन्ही बाजूंना, आणि मधला भाग भरून काढायचा. भुशीचं तळं मात्र राहू द्या. ते रेल्वेनेच इंजिनांच्या पाण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं. एक्सप्रेसवेचे कटिंग आणि भरावही पुसा. माझं मत विचाराल तर १९०० च्या आसपासचं वर्ष धरा. १८६३ ते १८६७ धरलंत तर इंग्रजी कागदांत ‘म्हाऊ-की-मल्ली’ म्हणून येणारा कमानी पूल उभा करावा लागेल. तो जुलै १८६७ मध्ये कोसळला. १९१५ नंतरचं धरलंत तर तळी आणि वीजघर. मधल्या काळात कटकट सर्वांत कमी.

झाडीचंही तेच. रडारला शेंडे दिसतात, आणि आजची गर्द झाडी जिथे आहे तिथे जमीन दहा-बारा मीटर फुगलेली येते. १८६०च्या दशकातल्या घाटाच्या फोटोंत रुळांजवळचे उतार बरेच उघडे दिसतात. म्हणजे आधी जमीन तेवढी खाली आणा, मग झाडं विरळ लावा. दोन्हींपैकी एकच केलंत तर उघड्या उतारावर विनाकारण टेंगळं राहतात.

आता रुळांलगतचं काम. कटिंगला टीएसआरईचं स्वयंचलित साधन वापरता येतं, पण त्याला एकच उतार सगळीकडे देऊ नका. बेसॉल्टमधलं कटिंग जवळपास उभं असतं, भराव दीडास एक (दीड आडवं, एक उभं) किंवा त्याहून पसरट. उभ्या कटिंगसाठी पुन्हा आठ मीटरची जाळी आडवी येते: ब्रॉडगेजच्या दोन लाइनींचं कटिंग तळाशी जेमतेम एका घराएवढं रुंद. म्हणून जमीन मुद्दाम थोडी जास्त रुंद कापून दोन्ही बाजूंना कातळभिंतीची मॉडेल्स लावायची. ट्रेन्झ या दुसऱ्या सिम्युलेटरवाल्यांना पाच मीटरची जाळीही मिळते, तरी भिंती त्यांनाही लावाव्या लागतातच. कटिंगमधून निघालेला दगड कुठे गेला याचाही विचार करा. कुशीतल्या कटिंगचा दगड दूर नेण्याऐवजी बराचसा दरीच्या बाजूला लोटून देणंच सोयीचं. रुळांच्या खालच्या अंगाला असा डबराचा पसरट ढीग ठेवला की कटिंग खरं वाटू लागतं.

रिव्हर्सिंग स्टेशन हा सर्वांत अवघड तुकडा, म्हणून जरा आकड्यांत बघू. गाडी खालून येते, सपाटीवर थांबते, इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट दिशेने वर निघते. म्हणजे स्टेशनच्या एकाच बाजूला दोन लाइनी, एक खाली उतरणारी, एक वर चढणारी. समजा दोन्हींना १:४० धरलं. सांध्यापासून दोनशे मीटरवर खालची लाइन पाच मीटर खाली, वरची पाच मीटर वर. दोघींत दहा मीटरचा फरक. पाचशे मीटरवर पंचवीस मीटर. दीडास एकच्या उताराने दहा मीटरसाठी पंधरा मीटर आडवी जागा लागते, म्हणजे जाळीची दोन घरंही धड नाहीत. त्यामुळे पहिले दोन-अडीचशे मीटर दोन्ही लाइनींमध्ये दगडी राखण-भिंत दाखवणंच शहाणपणाचं, पुढे डोंगराचा नैसर्गिक उतार घेऊ द्या. सपाटीच्या पलीकडच्या टोकाला जमीन लगेच तुटते. तिथे उगाच माळ पसरवू नका. जागा मिळाली तेवढीच इंजिनिअरांनी वापरली.

पाण्याची वाट विसरू नका. मार्ग जितक्या घळी ओलांडतो तितक्या ठिकाणी मोरी किंवा पूल हवा. भरावाने अडवलेला ओढा ही घाटातली सर्वांत ठळक खोटी गोष्ट; जुलैत तो भराव एक दिवस टिकला नसता. वरच्या अंगाला घळीचा तळ मोरीच्या तोंडापर्यंत हाताने उतरवून द्या.

कॅच सायडिंगसाठी जमीन वेगळी घडवावी लागते. उतरणारी गाडी सुटली तर तिला अडवायला ही सायडिंग डोंगराकडे चढत जाते, मुख्य लाइन मात्र खाली उतरत असते. दोघींमधला फरक शंभर मीटरांतच बराच वाढतो, आणि सायडिंग कुशीतच कापलेली असल्याने वरच्या अंगाला नवं कटिंग येतं. तिला मुख्य लाइनच्याच भरावावर ठेवलंत तर शेवटाला ती हवेत लटकते.

पहिल्यांदा पळसदरी ते ठाकूरवाडी एवढाच तुकडा पुरा करा. मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावलेली मालगाडी त्यावर चढवा आणि कॅबमध्ये बसून वेग बघत राहा. रेग्युलेटर (इंजिनाला वाफ सोडणारा दांडा) तसाच ठेवून वेग अचानक वाढला किंवा पडला, तर त्या जागेचा चढ वहीशी ताडा. मग बाहेरच्या कॅमेऱ्यातून पलीकडच्या सोंडेवरची कातळपट्टी आपल्या बाजूच्या पट्टीशी एका पातळीत आहे का बघा. दोन्ही जमलं की मंकी हिलकडे निघा.